नारूच्या वह्या रद्दीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील एका जुन्या सरकारी दवाखान्याची डागडुजी सुरू असताना पटकी, देवी आणि नारूच्या (पिण्याच्या पाण्यातून शरीरात जाऊन पायातून बाहेर येणाऱ्या जंताच्या) रुग्णांच्या नोंदवह्या रद्दीवाल्याला दिल्याचे समजले, तेव्हा वैद्यकाचे इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांची आठवण झाली.

पॅरिसमध्ये १८९१ साली स्विस कुटुंबात जन्मलेल्या सिगरिस्ट यांनी अरबी, संस्कृत अशा भाषा शिकून मग झुरिकला वैद्यकाची पदवी घेतली. जर्मनीत लाइपझिगला वैद्यकाचे इतिहासकार कार्ल सुडॉफ यांची जागा सांभाळून ते १९३२ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तोवर थोर वैद्यांच्या चरित्रांत आणि पोथ्यांत रमलेल्या या विषयात त्यांनी रोग्याला आणले. तो काय खात होता, कोणते काम करत होता, औषधाला पैसे कोठून आणत होता, हे ते विचारू लागले. (सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेचे त्यांनी जरा जास्तच कौतुक केले, हेही खरे.) आठ खंडांत योजलेल्या त्यांच्या इतिहासाचा एकच खंड त्यांच्या हयातीत निघाला, प्राचीन भारतीय वैद्यकाचा परामर्श घेणारा दुसरा खंड १९५७ मधील त्यांच्या निधनानंतर आला.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या कामासाठी १९४४ मध्ये भारतात आले असता त्यांनी येथे वैद्यकाच्या इतिहासाची संस्था असावी, असे सुचवले. वैद्यकाचे इतिहासकार डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये हैदराबादला तसा विभाग उभा राहिला. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि आपली घाटीही (औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) त्याच वर्षीची. प्रदेश इकडे आला, पण निजामी राजवटीचे बरेचसे दप्तर तिकडेच राहिले, तेही उर्दूत. म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्यांतील कपाटांत जे उरले आहे, त्याचे मोल अधिक.

बारवेच्या पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरणाऱ्या गावांत नारू पसरे. भारत २००० मध्ये नारूमुक्त ठरला; पण पाणी गाळून प्यायला गावे कशी तयार झाली, कोणत्या वस्तीत रोग शेवटपर्यंत राहिला, याचा माग अशा वह्यांवाचून कसा लावणार?

घाटी आणि अंबाजोगाई येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागांनी अशा वह्यांसाठी एकेक खोली राखावी, आणि कोणतेही जुने दप्तर निर्लेखित करण्यापूर्वी उर्दू व मोडी जाणणाऱ्या माणसाच्या नजरेखालून ते जावे, असा आदेश आरोग्य खात्याने काढावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक,
जि. बीड