'आरोपावरून' हा शब्द गाळू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या सहा राण्यांवर आलेला लेख वाचला. लेख रंजक आहे. परंतु दुसरी राणी अ‍ॅन बुलिन हिचा शेवट 'व्यभिचार केल्याबद्दल शिरच्छेद झाला' अशा एका वाक्यात उरकला आहे. माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात गेली आणि तिथे 'केल्याबद्दल' व 'केल्याच्या आरोपावरून' यांतला फरक नवख्या कारकुनालाही पहिल्याच महिन्यात समजावून सांगितला जातो, म्हणून हे पत्र.

अ‍ॅनचा उत्कर्ष केवळ रूपावर झाला, हा लेखातला सूरही पटत नाही. तिचे वडील राजाचे राजदूत म्हणून परदेशी दरबारांत वावरलेले, आणि ती स्वतः नेदरलँड्स व फ्रान्सच्या राजघराण्यांत वाढून १५२२च्या सुमारास मायदेशी परतलेली. हेन्रीने तिला लिहिलेली १७ प्रेमपत्रे आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. ज्या पोपशी तिच्यापायी वैर घेतले, त्याच्याच घरी ती जपली जावीत, ही गंमतच म्हणायची. पोप सातवा क्लेमंट घटस्फोटाला मान्यता देईना, कारण पहिली राणी कॅथरिन ही सम्राट पाचव्या चार्ल्सची मावशी होती आणि १५२७मध्ये याच चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटून पोपला कोंडले होते. अखेर १५३३मध्ये संसदेने रोमकडे अपील करण्याची वाटच कायद्याने बंद केली. २३ मे रोजी आर्चबिशप क्रॅनमरने कॅथरिनचे लग्न मुळातच अवैध ठरवले, पाच दिवसांनी अ‍ॅनचे गुपचूप झालेले लग्न वैध ठरवले आणि १ जूनला गरोदर अ‍ॅनच्या मस्तकावर मुकुट चढला. ज्या लेखणीने तिला राणी केले, ती लेखणी पुढे पुन्हा भेटणार आहे.

७ सप्टेंबरला मुलगी झाली. राजपुत्र जन्मल्याची पत्रे आधीच लिहून तयार होती, तेव्हा 'प्रिन्स' या शब्दाच्या शेवटी जेमतेम जागेत एक 'एस' कोंबून राजपुत्राची राजकन्या करण्यात आली. दप्तरात खाडाखोड खूप पाहिली, पण एवढी बोलकी क्वचितच. (हीच कन्या पुढे एलिझाबेथ राणी झाली आणि १६००च्या अखेरच्या दिवशी तिने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, तेव्हा हे प्रकरण आपल्यापासून वाटते तेवढे दूर नाही.)

१५३६च्या ७ जानेवारीला कॅथरिन वारली आणि २९ला तिच्या दफनाच्याच दिवशी अ‍ॅनचा गर्भपात झाला. कॅथरिन हयात असेतो अ‍ॅनला सोडणे म्हणजे पहिलीला परत घरात घेण्याची मागणी ओढवून घेणे होते. आता ती अडचण उरली नाही. जेन सीमोर राजाच्या नजरेत भरली होती, आणि मठांच्या जप्त संपत्तीच्या विनियोगावरून अ‍ॅनचे राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्याशी बिनसले होते. २४ एप्रिलला न्यायमंडळ नेमले गेले आणि २ मे रोजी राणी टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद झाली.

आता खटल्याकडे पाहावे. तिच्याशी संबंध ठेवल्याबद्दल चौघांना १२ मे रोजी दोषी ठरवले गेले, आणि त्याच कृत्याबद्दल तिच्यावरचा खटला उभा राहिला १५ मे रोजी. तिचा निकाल आधीच लागलेला होता, उरला होता तो उपचार! चौघांपैकी गुन्हा कबूल केला एकट्या मार्क स्मीटन या वादकाने. आरोपपत्रात चौघांपैकीच एक, दरबारी हेन्री नॉरिस याच्याशी १२ ऑक्टोबर १५३३ रोजी वेस्टमिन्स्टर येथे कुकर्म केल्याचे नमूद आहे. त्या दिवशी राणी ग्रीनिचच्या राजवाड्यात बाळंतिणीच्या खोलीत होती. अशा अनेक तारखा आणि ठिकाणे जुळत नाहीत, आणि म्हणूनच की काय, पुढे 'व इतर अनेक दिवशी' अशी मोघम पुस्ती जोडलेली आहे. राणीच्या संमतीने झालेला व्यभिचार तिच्यापुरता राजद्रोह ठरतो की नाही, याविषयी कायदा संदिग्ध होता, म्हणून राजाच्या खुनाच्या कटाचे कलमही घालण्यात आले. न्यायासनावर नॉरफोकचा ड्यूक, म्हणजे तिचा सख्खा मामा होता. पंच म्हणून बसलेल्या २६ सरदारांत हेन्री पर्सीही होता, ज्याने तरुणपणी तिच्याशी लग्न करायचे योजिले होते. निकालानंतर त्याला भोवळ आली.

१७ मे रोजी क्रॅनमरने अ‍ॅनचेही लग्न मुळापासून अवैध असल्याचा निर्णय दिला. जे लग्न झालेच नाही, त्यातल्या पत्नीने व्यभिचार कसा केला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९ मे रोजी कॅलेहून आणलेल्या तलवारबाजाने एका घावात शिर उडवले. शवपेटीची तजवीज कोणी केली नव्हती, तेव्हा बाणांची एक रिकामी पेटी शोधून त्यात तिला पुरले. ११ दिवसांनी राजा जेन सीमोरशी बोहल्यावर चढला.

अ‍ॅन साध्वी होती असे माझे म्हणणे नाही. कॅथरिनची मुलगी मेरी हिच्याशी ती निष्ठुरपणे वागली, आणि तिच्या राणीपदापायी निघालेल्या कायद्यांखाली राजाचा माजी चॅन्सेलर थॉमस मोर याच्यासारख्या विद्वान माणसाचा बळी गेला, तेव्हा तिने दुःख केल्याचे दिसत नाही. तरीही तिच्या नावावर जो गुन्हा आपण छापला, तो त्या कागदपत्रांतून शाबीत होत नाही. पुढील अंकात 'व्यभिचार केल्याबद्दल' याऐवजी 'व्यभिचाराच्या व राजद्रोहाच्या आरोपावरून' एवढी दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा