पिकअपवाले दादा, हे पत्र तुम्हाला

दादा, स.न.वि.वि.

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. तुम्ही कासच्या बाजूचे आणि पिकअपमध्ये दुधाचे कॅन घेऊन यवतेश्वर घाटातून साताऱ्यात उतरत होता, एवढंच कळलं. दवाखान्यात केसपेपर काढताना नाव विचारलं, तर "माझं कशाला, पेशंटचं लिवा," म्हणालात. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. तुमच्या ओळखीचं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवेल.

ज्यांना तुम्ही उचललंत ते आमचे तात्या. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि पळायला लागले. साताऱ्यात 2012 पासून हिल मॅरेथॉन होते. पावसाळा लागला की गल्लीगल्लीतून नवी माणसं घाट चढायला येतात. त्यांना सांभाळायचं काम तात्यांनी आपण होऊन घेतलं होतं. 21 किलोमीटर ते सहज काढत, पण रविवारी मुद्दाम सगळ्यात मागं राहायचे. कुणाला धाप लागली, कुणाची पोटरी धरली, की तात्या त्याच्या शेजारी चालायला लागायचे. शाळकरी मुली असल्या की माणमधल्या मोहीच्या ललिता बाबरचं सांगायचे, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला गेली ती आपल्याच जिल्ह्यातली पोरगी म्हणून. शेवटचा माणूस वर पोचल्याशिवाय तात्या चहाला हात लावायचे नाहीत.

त्या रविवारी धुकं दाट होतं. आम्ही वर पोचलो होतो, तात्या मागं होते. वळणावर एका गाडीनं त्यांना उडवलं आणि ती थांबली नाही. तिचं काय करायचं ते पोलीस बघतील. मला तुमच्याबद्दल लिहायचंय.

तुम्ही थांबलात. 108 ला फोन लावत होता, पण रेंज नव्हती. मग वाट बघत बसला नाहीत. मागून आलेल्या दोन दुचाकीवाल्या पोरांना हाक मारलीत, कॅन एका बाजूला सरकवले, तात्यांना सरळ ठेवून उचललंत आणि मान हलू नये म्हणून दोन्हीकडून गोणपाटाच्या घड्या लावल्यात. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी होती, रक्तगट आणि घरचे दोन नंबर लिहिलेली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तात्या तीच सवय लावायचे. रेंज आल्या आल्या तुम्ही त्यातला एक नंबर लावलात. सूनबाई सांगतात, तुमचं बोलणं जसंच्या तसं कानात आहे: "घाबरू नका ताई. मी हाय हितं. तुमी येईस्तवर हलत न्हाई."

आणि खरंच हलला नाहीत. त्या पायी गाडीतलं दूध नासलं, हे आम्हाला नंतर त्या पोरांकडून कळलं.

डॉक्टरांनी शर्थ केली. मार डोक्याला होता, दुपारी तात्या गेले. आमच्यातच पळणारे एक डॉक्टर म्हणाले की अपघातानंतरचा पहिला तास सगळ्यात मोलाचा, आणि तो तात्यांना मिळाला तो तुमच्यामुळं.

आणखी एक गोष्ट त्या पोरांनी सांगितली. त्यासाठी तुमचे आभार कसे मानावेत, मला खरंच कळत नाही. उचलताना तात्या थोडे शुद्धीवर होते आणि "पोरं पोचली का?" असं विचारत होते. कुठली पोरं, कुठं पोचायची, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. तरी तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, "पोचली तात्या, समदी पोचली." तात्या हे नावही तुम्हाला ठाऊक नव्हतं. वयाकडं बघून तुम्ही म्हणालात आणि ते बरोबर निघालं.

आम्ही दवाखान्याच्या आवारात घामानं भिजलेल्या कपड्यांतच उभे होतो. वकील, भाजीवाला, शिक्षिका, हवालदार, कॉलेजची पोरं; एरवी एकमेकांच्या दारातही गेलो नसतो अशी माणसं. संगम माहुलीला तात्यांना निरोप दिला तेव्हा अर्ध्या लोकांना एकमेकांची आडनावं माहीत नव्हती, पण खांदा द्यायला रांग लागली होती. ग्रुपवर पहाटे साडेचारला "उठा रे" असा तात्यांचा मेसेज यायचा. आता त्या वेळेला सगळे जागे असतात आणि कुणीच काही टाकत नाही. पुढच्या रविवारी आम्ही जमलो खरे, पण मागं कोण राहणार, यावर सगळे गप्प. शेवटी सगळेच चालत घाट चढलो.

आम्ही पोलिसांमार्फत तुमचा शोध घेतलेला नाही, घेणारही नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 134अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. केंद्राची राहवीर योजना आहे, जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला 25,000 रुपये देणारी. तुम्हाला हवं असेल तर अर्जाची धावपळ आम्ही करू. नको असेल तर विषय संपला.

दुधाचे पैसे मात्र घ्यावे लागतील. ते तात्यांच्या घरचे देणार आहेत आणि सूनबाईंनी तसं बजावून सांगितलंय. दर रविवारी पहाटे आम्ही समर्थ मंदिरापाशी जमतो. अंगात रिफ्लेक्टरची जाकिटं घातलेली माणसं दिसतील. गाडी बाजूला घ्या. नाव सांगू नका, चहा घेऊन जा.

तुमचे,
साताऱ्याच्या घाटात पळणारे आम्ही सगळे