डोंगराची उंची नको, पायऱ्यांची सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की आपल्या पुरवणीत पुण्याजवळच्या एक दिवसाच्या सहलींवर मजकूर येतो. मी तो कापून ठेवते, कारण सहकारनगरातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल ठरवण्याचे काम माझ्याकडे असते. त्यात अंतर असते, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, इतिहास असतो, पिठलं-भाकरी कुठे चांगली मिळते तेही असते. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे जायचे की नाही हे ज्यावर ठरते, ते मात्र त्यात सापडत नाही. गाडी नेमकी कुठवर जाते, तिथून पुढे पायऱ्या किती, एकेक पायरी केवढी, धरायला कठडा आहे का आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे कोणीच लिहीत नाही. ते लिहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक होते. जिन्यांचे नकाशे काढण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली. सार्वजनिक इमारतीत पायरी साधारण 15 सेंटिमीटर उंच आणि 30 सेंटिमीटर रुंद धरतात, आणि एका जिन्यातल्या सगळ्या पायऱ्या सारख्या असाव्यात यावर कटाक्ष असतो. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि पुढे त्याच अंदाजाने पडत जातो. मध्येच एक पायरी दोन बोटे उंच निघाली की ठेच लागते. गडावर तर एक पायरी वीतभर, पुढची हातभर, तिसरी झिजून उतरती झालेली. चाळिशीतला माणूस ते लक्षातही न येता चढून जातो. गुडघे झिजलेल्या किंवा बदललेल्या माणसाला प्रत्येक पायरीवर थांबून पुढचा पाय कुठे टाकायचा ते ठरवावे लागते. दम त्यानेच लागतो.

"इतक्या उंचावर श्वास लागेल का हो?" हा प्रश्न दर वेळी संघात कोणीतरी विचारतेच. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. आपला सिंहगड 1,300 मीटरच्या आसपास आहे आणि पुरंदर त्याहूनही थोडा उंच. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघावे, पण बाकीच्यांनी केवळ उंचीच्या आकड्याला भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. पुरंदर उंच असूनही आमच्या मंडळींना सोपा जातो. गाडी थेट माचीपर्यंत जाते आणि माचीवरचा फेरफटका बराचसा सपाट रस्त्याने होतो. 1657 साली जिथे संभाजीराजांचा जन्म झाला आणि 1665 साली जिथे मुरारबाजी लढता लढता पडले, त्या जागी काठी टेकत पोहोचता येते. केदारेश्वराचा चढ आम्ही बेतात धरतच नाही. लष्कराचा तळ असल्याने ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत आणि बाहेर पडण्याची वेळही ठरलेली असते, म्हणून आदल्या रात्री सगळ्यांना आधार कार्डाची आठवण करून देते. उलट पर्वती तर गावातली टेकडी, पण तिच्या 103 पायऱ्यांचे नाव काढले की आमच्यातले निम्मे लोक खालूनच हात जोडतात.

सिंहगडाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्यातल्या बहुतेक घरांतून आई-वडिलांना तिथेच नेले जाते. गाडी वर वाहनतळापर्यंत जाते, म्हणून तो "सोपा" ठरतो. पण वाहनतळापासून पुणे दरवाजा, तिथून पुढचे दरवाजे आणि मग आतला चढ हा सगळा दगडी वाटेचा आणि पायऱ्यांचा भाग आहे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, टिळक बंगला, देवटाके हे सगळे पाहायचे ठरवले तर ज्येष्ठांचा दिवस त्यातच जातो. म्हणून दोनच ठिकाणे ठरवावीत आणि तिथे मनसोक्त बसावे. शनिवार-रविवार तर टाळावाच. घाटात गाड्या अडकल्या की बसल्या जागी तास जातो, आणि मधुमेह असलेल्या माणसाची जेवणाची वेळ हुकते. पावसाळ्यात दरडींमुळे घाटरस्ता बंद होतो आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. धुके आणि हिरवळ बघायची हौस ज्येष्ठांनाही असते हे मला ठाऊक आहे, तरी जून ते सप्टेंबर मी गडाची सहल ठेवत नाही.

ज्यांना वर चढवत नाही, त्यांचाही विचार आधी केलेला असावा. पुष्कळ सहलींत अशा माणसाला "तुम्ही गाडीतच बसा, आम्ही येतोच" असे सांगून दोन-दोन तास बंद गाडीत ठेवले जाते. मला ते फार लागते. सिंहगडाच्या वाहनतळाजवळ टपरीत सावलीला बसून मडक्यातले दही खात खडकवासल्याचे पाणी बघणे हीसुद्धा पूर्ण सहल आहे, फक्त सोबतीला एक जण थांबायला हवा. आम्ही तो पाळीपाळीने नेमतो, आणि कोणाची पाळी ते निघण्यापूर्वी ठरलेले असते.

यवतजवळचे भुलेश्वर हे माझे स्वतःचे आवडते ठिकाण. सोलापूर रस्त्याने पन्नासेक किलोमीटर, छोटासा घाट चढून गाडी मंदिराच्या पायथ्याला लागते, आणि यादवकाळातले कोरीवकाम तर डोळे भरून पाहावे असे. पण जाणाऱ्याला दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. आत शिरल्यावर वर जाणाऱ्या पायऱ्या अरुंद, अंधाऱ्या आणि उंच आहेत. उन्हातून आत आलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना, त्यातून मोतीबिंदू असेल तर, काही वेळ काहीच दिसत नाही. दाराशी दोन-तीन मिनिटे थांबावे, विजेरी पायांवर धरावी, मग चढावे. दुसरे म्हणजे चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तापलेला असतो. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असेल तर पोळलेले कळतही नाही. जाड मोजे बरोबर ठेवावेत आणि अकराच्या आत दर्शन उरकावे.

पाचगणीचे टेबललँड सपाट आहे, पारशी पॉइंट तर गाडीतून उतरून चार पावलांवर. पण जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर आणि पसरणी घाट. पंचाहत्तरीच्या पुढे एका दिवसात हे नको. वाईला मुक्काम करून जावे.

आता स्वच्छतागृहाचे. हे लिहायला लोक संकोचतात म्हणून मी स्पष्ट लिहिते. सहलीच्या दिवशी आमच्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण मध्ये सोय असेल की नाही याची खात्री नसते. मग दुपारी गरगरते, पायांत गोळे येतात, आणि दोन दिवसांनी लघवीच्या जळजळीसाठी दवाखाना गाठावा लागतो. पुरुषांनाही प्रोस्टेटमुळे तासा-दीड तासाने उतरावे लागते, तेही सांगायला लाजतात. रक्तदाबासाठी पाण्याची गोळी चालू असणारे ती त्या दिवशी परस्पर बुडवतात. तसे करू नये, तिची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारावे. मी सहलीचा मार्ग आखते तो याच हिशेबाने. दीड तासाच्या आत एक थांबा, आणि त्या थांब्यावर कमोड आहे का हे आधी फोन करून विचारलेले. ज्याला उकिडवे बसता येत नाही त्याला भारतीय पद्धतीचे स्वच्छतागृह असून नसल्यासारखेच. निघायचेही सकाळी आठला. पहाटे साडेपाचला निघालो तर कोणाचेच पोट साफ झालेले नसते आणि सगळा दिवस बेचैनीत जातो.

गाडीबद्दल एक साधी सूचना आहे. एसटीने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून मोफत प्रवास दिला, पासष्टच्या पुढे अर्धे तिकीट आहे, 2023 पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे. तिकिटाचा प्रश्न सुटला, बसच्या पहिल्या पायरीचा सुटलेला नाही. आम्ही एक भक्कम लाकडी स्टूल बरोबर नेतो. भाड्याच्या ट्रॅव्हलरमध्ये चढता-उतरता ते दाराशी ठेवले की कोणाला ओढून घ्यावे लागत नाही. घाटात उलटी होणाऱ्यांना पुढची जागा द्यावी आणि चालकाला सावकाश जायला आधीच सांगून ठेवावे.

आणि उतरण्याकडे लक्ष द्या. चढताना सगळे जपतात, उतरताना गप्पा मारत निघतात, आणि गुडघ्यावर भार खरा येतो तो उतरताना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या पायाबरोबर. आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी हे शिकवल्यापासून मी ते प्रत्येक सहलीत गाडीतच सगळ्यांकडून वदवून घेते.

गडकोटांच्या पायऱ्या तासून सारख्या कराव्यात असे मी कधीच म्हणणार नाही. ते बांधकाम जसे आहे तसेच राहिले पाहिजे. पण वाहनतळापासून पहिल्या दरवाजापर्यंत एका बाजूने कठडा, आणि दर पन्नास पायऱ्यांवर टेकायला एक दगडी बाक, एवढे मूळ बांधकामाला धक्का न लावता करता येईल. वनखाते आणि पुरातत्त्व विभाग यांनी मिळून हे करावे.

आपल्याकडून अपेक्षा लहान आहे. सहलीच्या प्रत्येक मजकुराखाली एक चौकट द्यावी. गाडी कुठवर, पायऱ्या किती, सर्वांत उंच पायरी केवढी, कठडा, सावली, बसायची जागा, कमोड. मोजायला माणूस नाही ही अडचण असेल तर टेप घेऊन आम्ही जातो. भुलेश्वर, सिंहगडाची पुणे दरवाजापर्यंतची वाट आणि पुरंदरची माची यांची मापे या हिवाळ्यात घेऊन पाठवते. चौकटीचा नमुनाही काढून ठेवला आहे, तो या पत्रासोबत जोडत आहे.

आपली,
एक निवृत्त आरेखक,
सहकारनगर, पुणे