खांब आमच्या गॅलरीत आहे

सातारा,
रविवार, २२ जून २०२५

प्रिय कुंदा,

दिवाळीनंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. फोन झाले तेही तूच केलेस. माझा गुडघा आहे तसाच आहे, ह्यांची शुगर आटोक्यात. पण आजचं पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही. ही गोष्ट ह्यांना सांगितली, जाऊबाईंना सांगितली, दोघंही 'बरं' म्हणाले. तू 'बरं' म्हणणार नाहीस.

मंगळवारी शाळेच्या मैदानातले आपले खो-खोचे खांब उपटले. जेसीबीला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिथे आता संगणक कक्ष आणि गाड्यांची शेड होणार. एक खांब मी रिक्षात घालून घरी आणला, तो गॅलरीत आडवा पडलाय. मातीत होता तेवढा भाग काळा, अजून ओलसर. वरचा भाग पोरींच्या तळव्यांनी घासून घासून तुकतुकीत झालेला. हा आपल्या वेळचा नाही, मध्ये एकदा बदलला होता. पण खड्डा तोच होता गं.

मला खरं खुपतंय ते वेगळंच. एप्रिलात ह्याची सभा झाली होती. शाळा समितीतले एक जण म्हणाले, "खेळ हल्ली ॲकॅडमीत शिकतात, शाळेने मार्कांचं बघावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाचा कप धरून बसून राहिले. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, एवढंच डोक्यात होतं. सहीसुद्धा केली. तेव्हापासून रोज रात्री पडल्या पडल्या मी त्या माणसाला उत्तर देते. आज तू ऐक.

अगं, जग आज ज्याला खेळ म्हणतं त्यातला कितीतरी शाळांतच घडला. इंग्लंडात पूर्वी फुटबॉल म्हणजे गावच्या गाव एकमेकांच्या अंगावर जायचं, ना हद्द, ना गडी मोजलेले. रग्बी गावच्या शाळेतल्या पोरांनी १८४५ मध्ये आपल्या खेळाचे नियम लिहून काढले. पण प्रत्येक शाळेचा खेळ निराळा, मग एकमेकांशी खेळायचं कसं? त्या वादातून १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन निघाली. ती सगळी पैसेवाल्यांची पोरं होती. गिरणीतल्या माणसाला चेंडू लाथाडायला दुपार मिळाली ती १८५० चा कायदा झाला आणि कापड गिरण्या शनिवारी दोनला बंद होऊ लागल्या तेव्हा. मग १८८३ मध्ये एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने, ज्यांच्यात विणकर होते, ईटन या श्रीमंतांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना २-१ असं हरवलं. एक मोकळी दुपार आणि एक मैदान, एवढ्यावर खेळ श्रीमंतांच्या हातून सुटला. आपण तो पुन्हा त्यांच्याच हाती देतोय. फी भरेल तो खेळेल.

आपल्याकडे तर जातही आडवी होती. क्रिकेटवाल्या पळवणकर बाळूंनी पुण्यात गोऱ्यांना चेंडू टाकटाकून हात बसवला, हिंदूंच्या संघात आले, विकेटा काढल्या, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. आणि इथे साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी १९२४ पासून सगळ्या जातींची पोरं एका बोर्डिंगात, एका पंगतीला बसवली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीत ब्राँझ मिळवलं, त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले होते. ॲकॅडमी कुठे होती तिथे? मास्तर होता.

मास्तरवरून शिंदेबाई आठवल्या. तुझे बाबा म्हणाले, "आमची पोरगी हाफ पँटवर पळणार नाही." तर बाई तीन संध्याकाळी तुमच्या ओसरीवर येऊन बसल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या बसल्या. तिसऱ्या दिवशी तुझी आई पोहे घेऊन बाहेर आली नि म्हणाली, जाऊ द्या हो पोरीला. मी त्याच बाईंच्या खुर्चीत बसते, कुंदा, आणि एका सभेत माझं तोंड उघडलं नाही.

(फलटणच्या सामन्यात मी खो द्यायच्या आधीच तू उठली होतीस. चाळीस वर्षं झाली तरी माझं म्हणणं तेच. फाऊल तुझाच.)

आठवीतली एक पोरगी परळी खोऱ्यातून एसटीने येते. एवढीशी आहे, पण साखळी पळायला लागली की पाठलागावरच्या मुली दमतात. खांबाशी आली की अशी हूल देते की मला तूच दिसतेस. आई दोन घरची भांडी करते. जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी नेपाळला हरवलं, तो सामना हिने शेजाऱ्यांच्या मोबाइलवर पाहिला. बुधवारी सकाळी त्या खड्ड्यापाशी चपला काढून उभी होती. म्हणाली, "मॅडम, आज कुठं बसायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी पोरींकडून वर्गात सूर्यनमस्कार घालून घेतले.

तुझ्या चिन्मयचं कुठवर आलं? मुलगी बघितलीत का? नातीचे फोटो पोचले, नाक थेट तुझं. बँकेतून सुटलीस ते बरं झालं.

आता मुद्द्याचं. तुझ्या दादाचा गोडोलीतला प्लॉट अजून तसाच रिकामा आहे, परवा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. मैदान २७ मीटर बाय १६, भोवती थोडी मोकळी जागा, म्हणजे सहा गुंठ्यांत बसतं. गाजरगवत आम्ही काढू. तो बांधायला घेईल त्या दिवशी खांब काढून नेऊ, हवं तर लिहून देते. माझ्याने त्याला विचारवत नाही, त्या जुन्या बोलाचालीनंतर मी त्याच्या दारात गेलेली नाही. तू विचार. तुझं तो ऐकतो.

त्याने हो म्हटलं तर फलटणचा फाऊल मी माझ्या नावावर घेते. या आठवड्यातच फोन कर, पोरी रोज सकाळी सहाला येऊन उभ्या राहतात.

तुझी,
सुनंदा