एक फोन केला की माणूस येत नाही, शैला

इंग्लंडहून,
रविवार

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी स्पीकर लावून तुझी झोप उडवलीय, सेक्रेटरी नुसतं ‘बघतो’ म्हणतो आणि चौकीत ‘आपसात मिटवा’ सांगतात, हे वाचून वाईट वाटलं. पण पुढचं वाक्य वाचून हसूच आलं. म्हणे, ‘तुमचं बरं बाई, एक फोन केला की कौन्सिलचा माणूस दारात हजर!’ तुझा हा समज मोडायलाच आज लिहायला बसलेय.

आमच्या शेजारच्या घरात गेल्या वर्षी नवे भाडेकरू आले. ही जोडघरं, मध्ये एकच भिंत. त्यांचं गाणं आम्हाला ऐकू येतच नाही, फक्त खालचा धाडधाड ठोका भिंतीतून येतो आणि पलंगाच्या पायांतून वर चढतो. शुक्रवार-शनिवार रात्री दीड-दोन वाजेपर्यंत. शिवाय मागच्या अंगणात पार्ट्या, फुटक्या बाटल्या, आरडाओरडा, शिवीगाळ. अनिलने जाऊन नीट सांगून पाहिलं. एकदा ‘सॉरी’ म्हणाले, पुढच्या वेळी दारच उघडलं नाही.

मग कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका. तिथे आधी चाळणी लागते. लहान मूल रडणं, जिन्यावरची पावलं, मुलांचं अंगणात खेळणं, स्वयंपाकाचा वास, असलं काही सहसा तक्रारीत धरत नाहीत. (वासाचं वाचून मला हायसं वाटलं. आमचे सुके बोंबील सुरक्षित!) घर नेहमीसारखं वापरताना होणारा आवाज म्हणजे उपद्रव नव्हे, असं 1999 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनेच, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच, ठरवून टाकलंय, भिंत कितीही पातळ असो. आणि मोजमाप लावायचं ते सर्वसाधारण माणसाचं. अनिल हॉस्पिटलात रात्रपाळी करून सकाळी झोपतो, त्याला दुपारच्या गाण्याचा त्रास होतो, पण त्याच्या पाळीचा विचार हा कायदा करत नाही.

तुला वाटेल, डेसिबलचं यंत्र लावलं की काम झालं. तसंही नाही. 1990 च्या पर्यावरण कायद्याखाली कौन्सिल आवाजाची नोटीस काढते, त्यात डेसिबलची मर्यादाच नाही. किती जोरात, किती वेळ, किती वाजता, कितीदा, हे सगळं बघून अधिकारी ठरवतो. रात्री 11 ते सकाळी 7 साठी 1996 चा एक वेगळा कायदा आहे, त्यात आकडे आहेत, पण सगळ्याच कौन्सिलांकडे रात्री फिरायला माणसं कुठे असतात?

अर्ज भरल्यावर एक नंबर आला आणि त्यामागून छापील तक्ता. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कसला आवाज, तुमच्यावर काय परिणाम झाला. हाच सगळ्या प्रकरणाचा पाया. कौन्सिल तुमचं भांडण ऐकत नाही, तुमची नोंद वाचते. यात न्याय आहे हे मला पटतं. नाहीतर कुणीही कुणावरही सूड उगवेल, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर तर आधी. पण या तक्त्याने माझी झोप जास्त घालवली. पूर्वी मी कूस बदलून झोपायचा प्रयत्न तरी करायचे. आता ठोका सुरू झाला की घड्याळ बघायचं, आणि थांबल्याची वेळ लिहायची म्हणून तो थांबेपर्यंत जागायचं! ज्याला इंग्रजी लिहिता येत नाही, जो आजारी आहे, जो घाबरलाय, त्याने हा तक्ता कसा भरायचा?

दरम्यान शेजाऱ्यांना पत्र गेलं. तक्रार कुणी केली ते त्यात लिहीत नाहीत. पण भिंत दोघांतच असली की नाव कशाला लागतं? आठवडाभर अंगणातून टोमणे आले. आणखी एक गंमत सांगते. इथे घर विकताना विकणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागतो, त्यात शेजाऱ्यांशी काही वाद किंवा तक्रारी आहेत का ते सांगावं लागतं. म्हणून कित्येक घरमालक वर्षानुवर्षं गप्प सोसतात. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी मला हळूच तेच सुचवलं होतं.

आवाज एका खात्याकडे, शिवीगाळ दुसऱ्याकडे, बाटली अंगावर आली तर पोलीस. भाडेकरू कौन्सिलचा असता तर घरमालक म्हणून कौन्सिलचा धाक राहिला असता. इथे मालक खासगी, तो फोन उचलत नाही. आवाजवाल्या ऑफिसरबाईंना शिवीगाळीची तक्रार ठाऊकच नव्हती, दोन्ही मीच केलेल्या!

यावर हसता येत नाही, कारण याचा शेवट कुठवर जातो ते या देशाने पाहिलंय. लेस्टरशायरमधल्या बारवेल गावात फिओना पिल्किंग्टन नावाची आई आपल्या मुलांना घेऊन राहायची. मोठी मुलगी अपंग होती. गावातली टोळकी वर्षानुवर्षं त्यांना छळायची. तिने पोलिसांना तीसहून अधिक वेळा कळवलं. प्रत्येक तक्रार सुटी, किरकोळ म्हणून बाजूला पडली. 2007 मध्ये तिने मुलीसह गाडी पेटवून दोघींचा जीव संपवला. 2009 च्या चौकशीत ज्युरीने पोलिसांबरोबर कौन्सिलांवरही ठपका ठेवला. मला आमच्या ऑफिसरबाई आठवल्या आणि ते वाचवेना.

पुढे उपद्रवी वागणुकीविरुद्धच्या 2014 च्या कायद्यात तक्रारदाराच्या हातात एक गोष्ट आली. सहा महिन्यांत साधारण तीन तक्रारी करूनही काही हललं नसेल, तर ‘केस रिव्ह्यू’ मागता येतो. मग कौन्सिल, पोलीस, आरोग्य खातं, गृहसंस्था यांनी एकत्र बसून सगळी प्रकरणं जुळवून बघायची. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली म्हण इंग्रजांनी कायद्यातच घातली म्हण ना!

आम्ही तो अर्ज केला, तेव्हा कुठे दोन खात्यांनी एकमेकांची फाइल उघडली. त्यानंतर शेजाऱ्यांना त्याच 2014 च्या कायद्याखाली लेखी इशारा गेला. तो मोडला तर नोटीस, नोटीस मोडली तर जागच्या जागी दंड, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर अडीच हजार पौंडांपर्यंत. इशाऱ्यानंतर रात्रीचं संगीत बरंच कमी झालं. अंगणातली शिवीगाळ अधूनमधून चालूच आहे. त्या पोरांपैकी एकाची नोकरी गेलीय, असं मध्यस्थी करायला आलेल्या माणसाकडून कळलं. त्यामुळे राग कमी झाला असं नाही, पण आता तो दिसला की मी मान हलवते, तोही हलवतो.

तुझ्याकडेही नियम नाही असं समजू नकोस. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सहाची बंधनं आहेत, निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. चौकीत तोंडी सांगू नकोस. लेखी अर्ज दे, पोच घे, आणि तुझ्या मजल्यावरच्या बाकीच्यांच्याही सह्या घे, म्हणजे ‘एकट्या बाईंची कटकट’ म्हणून तो बाजूला पडणार नाही. वेळा लिहून ठेव, पण आवाज थांबेपर्यंत जागत बसू नकोस, सुरू झाल्याची वेळ लिहिलीस तरी पुष्कळ.

दादांचा गुडघा कसा आहे? सोसायटीच्या सभेत काय झालं तेही कळव, सेक्रेटरीचं उत्तर शब्दन्शब्द लिही.

तुझी,
अनघा