मास्तर, आता तुम्ही गादीवर बसा

वॉकीगन, अमेरिका, १४ डिसेंबर

प्रिय सुऱ्या,

तू फोन ठेवलास त्याला आज पाच आठवडे झाले. मधे तीनदा तुझा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून पत्र लिहितोय. इकडे सगळे ठीक. शुभाचा खांदा आता वर जातो. आईची साखर आटोक्यात आहे.

काल एक गोष्ट घडली. शुभाला सांगितली, ती हसलीसुद्धा, पण तिने तुझ्या अण्णांना दुकानाच्या गादीवर बसलेलं कुठे पाहिलंय! ती गोष्ट तुलाच सांगायला हवी.

आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. बर्फ पडत होता, रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. आई नेहमीसारखी काचेतून बाहेर बघत गप्प. बाबा गेल्यापासून चौदा महिने ती अशीच आहे. विचारलं तर उत्तर देते, आपण होऊन बोलते ती एकच वाक्य, ते पुढे सांगतो. शांतता सहन होईना म्हणून वाचनालयातून आणलेली सीडी लावली. जॅक बेनी या अमेरिकन विनोदवीराच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाची.

मागे एकदा तुला त्याच्याबद्दल सांगितलं होतं, तू ऐकलं नसशील. हा माणूस आमच्या या वॉकीगनमध्ये वाढला. गावात त्याचा व्हायोलिनसह पुतळा आहे. इथल्या एका शाळेला त्याचं नाव दिलंय आणि त्या शाळेच्या खेळाडूंना ‘थर्टी-नाइनर्स’ म्हणतात, कारण रेडिओवर हा गृहस्थ कायम एकोणचाळीस वर्षांचाच राहिला. १९३२ ते १९५५, तेवीस वर्षं त्याचा कार्यक्रम चालला. रविवारी संध्याकाळी अख्खी घरं रेडिओभोवती बसायची. कार्यक्रमातला जॅक बेनी महाकंजूष. खरा जॅक बेनी मात्र सढळ हाताचा होता, असं त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगायचे. एकदा चोर त्याला अडवतो, ‘पैसे देतोस की जीव?’ आणि हा काहीच बोलत नाही. नुसता थांबतो. चोर पुन्हा दरडावतो तेव्हा म्हणतो, ‘विचार करतोय ना!’ सुऱ्या, रेडिओवर गप्प राहून लोकांना हसवायचं, ही काय ताकद असेल! दिसत तर काहीच नाही, आणि श्रोत्याला त्याचा चेहरा दिसतो.

आणि हो, त्याच्या बापाचंही इथे कपड्यांचं दुकान होतं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तूच आठवलास.

तर काल लावला तो नाताळच्या खरेदीचा भाग, १९४६ च्या डिसेंबरचा. कार्यक्रमाचा निवेदक डॉन विल्सन, त्याच्यासाठी जॅकला नाताळची भेट घ्यायची असते. मोठ्या दुकानात जाऊन हा घेतो काय, तर बुटाच्या नाड्या! मग पंचाईत पडते, नाड्यांची टोकं प्लॅस्टिकची घ्यावी की धातूची. एक घेतो, बांधून घेतो, जातो. दुकानात फिरताफिरता मन बदलतं, परत येतो. विक्रेता बांधलेलं सोडतो, बदलून देतो, पुन्हा बांधतो. हा पुन्हा येतो. त्या विक्रेत्याचा आवाज मेल ब्लँकचा. कार्टूनमधला ससा आहे ना, बग्ज बनी, त्याचाही आवाज याचाच. पहिल्यांदा तो अगदी आदबीने बोलतो. दुसऱ्यांदा नुसता एक श्वास ऐकू येतो. मग आवाज चढत जातो, फाटतो, आणि शेवटी तो माणूस रडकुंडीला येतो. लोकांना हे इतकं आवडलं की पुढे कित्येक नाताळांना वस्तू बदलून हाच खेळ झाला. एका वर्षी रंगांची पेटी होती, जलरंग की तैलरंग. टीव्हीवर गेल्यावर १९५७ साली पैशाचं पाकीट.

आईला इंग्रजी कळतं ते ‘थँक्यू’पुरतं. सुरुवातीला तिने विचारलं, “टेकाडे भावजींसारखं आहे का काही?” मी म्हटलं, तसंच समज. (आकाशवाणीवरचे टेकाडे भावजी म्हटल्यावर मला बाबांचा ट्रान्झिस्टर आठवला. तू अजूनही म्हणतोस की तू उघडण्याआधीच तो बिघडला होता. नव्हता बिघडला!) मग मी तिला एवढंच सांगितलं, हा गिऱ्हाईक आहे, तो दुकानदार आहे आणि हा घेतलेली वस्तू बदलायला आलाय. तिसऱ्यांदा जॅक परत आला, त्या विक्रेत्याने त्याला ओळखलं, आणि तो काही बोलायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. वळून पाहिलं तर आईने पदराचा बोळा तोंडावर दाबलेला, खांदे गदगदतायत, डोळ्यांतून पाणी. पट्टा ओढून ती पुढे वाकली आणि म्हणाली,

“मास्तर, आता तुम्ही गादीवर बसा!”

गाडी बाजूला घेतली रे. मलाही पुढचं दिसेना.

१९७९ ची दिवाळी. आपण सहावीत. तुमच्या दुकानाच्या शिडीवर तू वरच्या पायरीवर, मी खालच्या, आणि ठाण काढून द्यायच्या बहाण्याने आपण चकल्या खात होतो. पाडव्याच्या ओवाळणीसाठी बाबांनी आईला इरकल घेतली, हिरवी. संध्याकाळी परत आले, काठ फार रुंद वाटतोय म्हणून. बारीक काठाची नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर उभे, हिरवीच बरी होती. ती तोवर दुसऱ्या कुणी नेलेली. मग अण्णांनी वखारीतून तिसरं गाठोडं आणवलं. अण्णांचा हात मला अजून दिसतो. घडी मोडायची, तळहाताने कापड सपाट करायचं, काठ गिऱ्हाइकाकडे वळवायचा, आणि नको म्हटलं की त्याच रेघांवर पुन्हा घडी, जणू साडी कधी उलगडलीच नव्हती. पाडव्याच्या सकाळी बाबा चौथ्यांदा आले, पिशवी छातीशी धरून. अण्णांनी पिशवीकडे पाहिलं. आत जाऊन तांब्याभर पाणी प्याले. बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढून गल्ल्यावर ठेवली, मीटरपट्टी बाबांच्या हातात दिली आणि म्हणाले, “मास्तर, आता तुम्ही गादीवर बसा. मी गिऱ्हाईक होतो.” आणि बाबा खरंच बसले! आपण दोघं शिडीवरून पडायचे बाकी होतो.

काल घरी आल्यावर हसू ओसरलं आणि मला तू आठवलास. मे महिन्यात मी तुला म्हटलं, आईला परत आणतोय, कौलं परतून घे. तू गवंडी गाठलास. जूनमध्ये म्हटलं, थांब, दादा तिला पुण्याला ने म्हणतोय. ऑगस्टमध्ये पुन्हा सांगलीच. २०१९ च्या पुराची ओल मधल्या भिंतीत अजून आहे म्हणून तू चुन्याचा हात दिलास, रात्री सोबतीला बाई शोधलीस, तिला पदरचे पैसे दिलेस. ऑक्टोबरमध्ये आई न्हाणीघरात घसरली, काही मोडलं नाही, पण मी घाबरलो आणि सगळं रद्द केलं. नोव्हेंबरात पुन्हा फोन केला, तेव्हा तू म्हणालास, “विन्या, एकदा काय ते ठरव,” आणि फोन ठेवलास. बरोबर केलंस. मी त्या वेळी चिडलो होतो, शुभाला म्हणालो होतो की याला काय कळणार माझी अडचण. ते शब्द मी मागे घेतो. त्या बाईला तू काय तोंड दाखवलं असशील, याचा मी एकदाही विचार केला नाही.

पण माझी अडचणही ऐक. आई रोज सकाळी चहा पिताना तेच एक वाक्य बोलते, “मला कधी पोचवणार?” आम्ही दोघं कामावर, ती खिडकीशी. समोर पांढरं अंगण, त्यावर एक कुत्रं चालत नाही. तिकडे पाठवली तर दिवसभर येणारं-जाणारं असेल, भाजीवाली दारात थांबेल, पण रात्री अडीचला छातीत दुखलं तर? ती बाई झोपलेली असली तर? पुन्हा कृष्णा चढली तर? दादाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तिथे जायचं नाव काढलं की ती जेवत नाही. इथे ठेवली तर औषधपाणी चोख होईल, आणि ती या खिडकीशीच संपेल. रात्री मी एक ठरवून झोपतो, सकाळी तिचं तोंड पाहिलं की दुसरं वाटतं. बाबांकडून गणित तर नाही आलं, नेमकं हेच आलं.

काल रात्री तिच्या पायाला तेल चोळत होतो, तेव्हा ती आपण होऊन बोलायला लागली. म्हणाली, “त्या साडीचं तुम्हा पोरांना खरं माहीत नाही. ते दर वेळी आणून मला विचारायचे, आवडली का? मी म्हणायचे, तुम्हाला आवडेल ती. की निघाले परत! पहिली हिरवी मला मनापासून आवडली होती. एकदा हीच ठेवा म्हटलं असतं तर अण्णांचा जीव सुटला असता.”

मी विचारलं, मग म्हणाली का नाहीस?

“तेव्हा असं तोंडानं मागायचं नसतं रे.” मग बराच वेळ गप्प. मला वाटलं डोळा लागला. तर एकदम म्हणाली, “विनू, आता मागते. मला माझ्या घरी जायचंय. रात्रीचं काय व्हायचं ते होईल. ते तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.”

चौदा महिने ती ‘कधी’ विचारत होती आणि मी ‘जायचं की नाही’ यातच घोळत बसलो होतो.

तुझं काय चाललंय? गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? वहिनींना सांग, त्यांच्या मेतकुटाची पुडी अजून पुरवून खातोय. धाकट्याच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले, पोरगं थेट अण्णांवर गेलंय, कपाळासकट.

तिकिटं काढली. ९ फेब्रुवारीला निघतो, मी आणि आई. सहा आठवड्यांची रजा मिळाली आहे. कौलं, न्हाणीघरात धरायला दांडी, उंबऱ्याची उंची, सगळं मी तिथे उभा राहून करून घेणार. गवंड्याला आणि त्या बाईला तू काही सांगू नकोस. त्यांच्या दारात मी स्वतः जातो. तू तिला दिलेले पैसे किती, ते मात्र कळव, आणि असू दे म्हणू नकोस. स्टेशनवर आलास तर आईला बरं वाटेल. मला तर वाटेलच. नाही आलास तर रिक्षा करून आधी दुकानात येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या

ता. क. आईने विचारलंय, अण्णांची ती लाकडी मीटरपट्टी अजून आहे का?