रॉटरडॅमला द्राक्षांचे देठ बघ

मखमलाबाद, नाशिक

चि. ऋतुजास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा सुट्टीचा प्लॅन मिळाला. जर्मनीतली परीक्षा संपली की रॉटरडॅमला आत्याकडे दोन दिवस, मग श्रेयाबरोबर प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. पप्पांनी तो पॅकहाऊसवर उभ्याउभ्या वाचला आणि ‘जाऊ दे तिला’ म्हणून मोकळे झाले. मार्चमध्ये त्यांना कंटेनर सोडून दुसरं काही दिसत नाही, हे तुला माहीतच आहे. मी रात्री निवांत वाचला. शहरांच्या बाबतीत तू सढळ आणि आत्याच्या बाबतीत फारच काटकसरी दिसतेस.

ब्रातिस्लाव्हा काढ. व्हिएन्नाहून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून यादीत घुसलंय, दुसरं काही कारण मला दिसलं नाही. तो दिवस आत्याला दे. लग्नाआधी तिने याच बागेत माझ्याबरोबर विरळणी केली आहे. घडातले कुठले मणी काढायचे आणि कुठले ठेवायचे, हे मला तिला सांगावं लागलं नाही, उलट तिनेच मला शिकवलं. तिच्याकडे गेलीस की ती थालीपीठ करील, तू फोनवर बसशील आणि दोन दिवस संपतील. तसं करू नकोस. तिला घेऊन बाजारात जा.

माझं तिथे एक काम आहे. रॉटरडॅमच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा आणि द्राक्षांचा डबा उचल. लेबलवर देश लिहिलेला असतोच. भारत असेल तर सगळ्यात आधी देठ बघ. हिरवा असेल तर माल चांगला पोचला. तपकिरी, वाळका असेल तर वाटेत कुठेतरी गारवा तुटला किंवा प्रवास लांबला. मग डबा हळूच तिरपा कर. सुटे मणी तळाशी घरंगळताना दिसले तर तेही कळव. आणि मण्यावरची पांढुरकी झाक शाबूत आहे का, ते बघ. ती कुणी फवारलेली नसते गं, फळाची स्वतःची असते. ती पुसू नये म्हणून आपल्या बाया घड देठाला धरून कापतात, मण्याला बोट लावत नाहीत. तिकडच्या लोकांना वाटतं औषध आहे, घासून घासून धुतात म्हणे.

इथून काय काय करून पाठवतो, ते तू लहानपणापासून बघितलंयस, पण कधी लक्ष दिलं नाहीस. ऊन चढायच्या आत तोडणी, लगेच प्रीकूलिंग, मग कोल्डस्टोरेज, पेटीत बुरशी धरू नये म्हणून गंधकाचा गार्ड, आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला कंटेनर न्हावाशेव्याहून बोटीत. पूर्वी सुएझमधून माल तीन-साडेतीन आठवड्यांत पोचायचा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला की देठाला ते बरोबर कळतं. म्हणून म्हणते, देठ बघ.

२०१० साल तुला आठवायचं नाही, पहिलीत होतीस. त्या वर्षी आपल्या भागातल्या द्राक्षांत सीसीसी या औषधाचा अंश जास्त निघाला म्हणून युरोपच्या बंदरांवर माल अडकला. आपलेही पैसे अडकले. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला ते औषध सगळेच वापरत होते आणि ते मण्यात जाऊन बसतं याचा कुणी विचारच केला नव्हता. तेव्हापासून लॅबचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत पप्पांना झोप लागत नाही. एवढं सगळं ज्या बंदरासाठी केलं, ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तू पाहणार आहेस. आत्याला सांगून बंदराच्या मासव्लाक्ते भागाकडे एक फेरी मार, कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन दिसतील. पप्पांसाठी व्हिडिओ काढ. शहर बघायला जुनं असं फार सापडायचं नाही. १४ मे १९४० ला जर्मनांच्या बॉम्बफेकीत मधलं शहर जळून गेलं, त्यानंतरचं बांधकाम आहे.

आता व्हिएन्ना. तुझ्या यादीत राजवाडे आहेत, ऑपेरा आहे. ऑपेराला उभं राहून बघायची तिकिटं स्वस्तात मिळतात, तीच काढा, तुमचे पाय अजून तरुण आहेत. पण अर्धा दिवस काढून नुसडॉर्फला जा. ट्राम जाते. त्या शहराच्या हद्दीत शेकडो हेक्टर द्राक्षबागा आहेत. राजधानीच्या हद्दीत! आणि इथे आपल्या बांधाला लागून परवा पुन्हा प्लॉटच्या खुणा रोवल्या. पप्पा त्यावर बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

तू जाशील तेव्हा तिथल्या वेली उघड्या असतील, पान नसेल. हिवाळ्यात त्यांचा वेल झोपतो, म्हणून त्यांना वर्षातून एकच छाटणी पुरते. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, वेल झोपत नाही, म्हणून आपण त्याला दोनदा छाटतो. एप्रिलला खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरला फळ धरायचं. त्यांनी एका वेलीवर किती काड्या ठेवल्यात, किती डोळ्यांवर कापलंय, ते जवळून बघ आणि फोटो पाठव. खुंटही बघ, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून त्यांनी अमेरिकन खुंटावर कलमं बांधायला सुरुवात केली. आपला डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासचाच. आपण तो पाणी कमी आणि जमीन खारट म्हणून लावला. कारणं वेगळी, मूळ एकाच खंडातलं. हे श्रेयाला सांग, नाहीतर तिला वाटेल तू तिला चिखलात फिरवायला आणलंस.

प्रागचं घड्याळ १४१० चं आहे. तासाला बाहुल्या फिरतात आणि सांगाडा घंटा वाजवतो. पाच मिनिटं आधी जाऊन पुढे उभ्या राहा, पर्स समोर धरा. बुडापेस्टला १८९६ सालची मेट्रो आहे, तिच्यात बसा. बाकी तुम्ही बघून घ्या.

पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड दोन्ही जवळ ठेव. शेंगेन देशांत हद्दीवर तपासणी नसते म्हणून एक घरी ठेवून जाशील. जर्मनीत परत येताना हल्ली गाडीत तपासणी होते. लंडनचा मामा ‘इकडेही चक्कर टाक’ म्हणतोय, त्याला मीच सांगितलं की ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आत्ता जमायचं नाही. रुसलाय थोडा. प्राग आणि बुडापेस्टला युरो चालवू नका, त्यांचं नाणं वेगळं आहे, कार्डाने द्या. मशीनने ‘तुमच्या चलनात देऊ का’ विचारलं तर नाही म्हणा.

श्रेयाच्या आईचा नंबर पाठव. तिच्याशी मला एकदा बोलायचंय, तुमच्याबद्दल नाही, तिच्याकडच्या गोडा मसाल्याबद्दल. तू त्याचं इतकं कौतुक केलंस.

पप्पा, आजी ठीक आहेत. तोडणी आणखी पंधरवडाभर चालेल.

तुझी,
आई

ता. क. डब्याच्या मागचाही फोटो काढ. पॅकिंगचा कोड तिथेच असतो.